प्रतिसरकारचीं गुप्त ठाणीं

कुंपण घातलेल्या आणि पहाऱ्यांत ठेवलेल्या जागेविषयीं माणसाची कल्पना जितकी धांवते, तितकी ती उघड्या मैदानाविषयीं कधींच धांवत नाहीं. अमेरिकेंतील नेव्हाडा राज्याच्या वाळवंटांत, ग्रूम नांवाच्या कोरड्या सरोवराच्या कांठीं, १९५५ सालीं एक विमानतळ उभारण्यांत आला. साठ हजार फुटांहून अधिक उंचीवरून टेहळणी करणाऱ्या ‘यू-२’ विमानाची परीक्षा तेथें गुप्तपणें चालत असे. सरकारनें त्या जागेविषयीं मौन धरलें, आणि लोकांनीं ती रिकामी जागा आपल्या मनांतून भरून काढली. इतक्या उंचीवर चमकणारी वस्तु माणसानें बनविलेलें विमान असूं शकेल, ही कल्पनाच त्या वेळीं सामान्य मनुष्याला शिवण्यासारखी नव्हती. म्हणून ती परग्रहावरील तबकडी ठरली. त्या काळच्या तबकड्यांच्या वार्तांपैकीं निम्म्याहून अधिक वार्ता या विमानांमुळें उठल्या, असें पुढें खुद्द अमेरिकन गुप्तहेर खात्यानें आपल्या इतिहासांत लिहून ठेवलें आहे. ‘एरिया ५१’ या नांवानें ती जागा कादंबऱ्यांत आली, १९९६ च्या ‘इंडिपेंडन्स डे’ या चित्रपटांत आली. सरकारनें तिचें अस्तित्व उघड कबूल केलें तें मात्र २०१३ सालीं. सहा वर्षांनीं, २०१९ सालीं, ‘चला, आंत शिरून पाहूं’ असें एक थट्टेचें आमंत्रण निघालें, तेव्हां वीस लाखांवर लोकांनीं ‘येतों’ म्हणून कळविलें. प्रत्यक्ष वाळवंटांत पोंचलेल्यांची संख्या कांहीं हजारांपलीकडे गेली नाहीं.

आमच्या वाचकांना नेव्हाडाचें वाळवंट फार दूरचें वाटेल. परंतु गुप्त लष्करी ठाणें ही वस्तु कृष्णा-वारणेच्या खोऱ्यालाही अपरिचित नाहीं. १९४३ ते १९४६ या काळांत सातारा जिल्ह्यांत इंग्रज सरकारच्या हातीं न लागणारें दुसरें एक सरकार नांदत होतें. आजच्या सांगली जिल्ह्यांतील वाळवें, तासगांव, खानापूर व शिराळें हा मुलूख तेव्हां सातारा जिल्ह्यांत मोडत असे, आणि या सरकारचा जोर मुख्यतः त्याच मुलखांत होता. त्याला स्वतःचें सैन्य होतें, न्याय देणारीं मंडळें होतीं, हत्यारांचे सांठे होते, कवाईत शिकविणारीं शिबिरें होतीं. मग नेव्हाडांतलें ठाणें आणि वाळव्यांतलें ठाणें यांत फरक तो कोणता? फरक हा, कीं पहिलें ठाणें सरकारनें लोकांपासून लपविलें. दुसरें लोकांनीं सरकारपासून लपविलें. हा भेद दिसावयास लहान आहे. परंतु या दोन जातींच्या ठाण्यांचें जें रूप लोकांच्या गोष्टींत, गाण्यांत व कादंबऱ्यांत उतरलें, तें या एका भेदामुळें पार निराळें झालें आहे असें आम्हांस वाटतें. तें निराळेपण कोणतें, आणि त्यांत इतिहासाच्या पदरीं काय पडलें व काय गळून गेलें, याचा विचार येथें करण्याचा मानस आहे.

सह्याद्रीच्या या भागाला लपण्याची व लपविण्याची विद्या नवी नव्हती. १६५९ सालीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं अफझलखानाची छावणी उधळली गेली, ती जावळीच्या रानांत दबा धरून बसलेल्या फौजेच्या बळावर. शिवाजी महाराजांचा हेर बहिर्जी नाईक याची समाधि खानापूर तालुक्यांतील बाणूरगडावर, म्हणजे जुन्या भूपाळगडावर, दाखवितात. बहिर्जीविषयीं समकालीन कागदांत फारच थोडें सांपडतें. पण कादंबऱ्या आणि नाटकें यांत त्याला जी जागा मिळाली आहे ती भल्याभल्या सरदारांना मिळालेली नाहीं. हेराचें काम चांगलें झालें तर त्याचा कागद मागें राहत नाहीं, आणि कागद नसला म्हणजे कल्पनेला रान मोकळें मिळतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसरें उदाहरण अधिक जवळचें आणि अधिक करुण आहे. पदच्युत झालेल्या छत्रपति प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले व अनेक वर्षें तेथें झगडून रिकाम्या हातीं परतले. १८५७ सालीं त्यांनीं साताऱ्याच्या आसपास गुप्तपणें माणसें जमविण्यास आरंभ केला. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजीं साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. कोणास फांशीं दिलें, कोणास तोफेच्या तोंडीं बांधलें, कोणास गोळ्या घातल्या. रंगो बापूजींचा मुलगा त्यांत होता. स्वतः रंगो बापूजी त्यापूर्वींच नाहींसे झाले होते. ते पुन्हां कोणाच्या दृष्टीस पडले नाहींत. धैर्य तेथें उणें नव्हतें. उणें होतें तें त्या गुपिताचें घर. मोजक्या माणसांच्या मुठींत असलेलें गुपित एका मुठीची पकड सैल होतांच सांडतें. पंचाऐशीं वर्षांनीं त्याच जिल्ह्यांत जें घडलें, त्याचें मर्म या तुलनेनें लवकर ध्यानांत येतें.

८ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईस गवालिया टँकच्या मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी तुरुंगांत गेले. सातारा जिल्ह्यांत प्रथम जें झालें तें अगदीं उघड्यावर झालें. कऱ्हाड, पाटण, तासगांव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर हजारोंचे निःशस्त्र मोर्चे चालून गेले. ९ सप्टेंबरास वडूज येथें आणि दुसऱ्या दिवशीं इस्लामपुरास पोलिसांनीं गोळीबार केला. एकट्या वडूजच्या गोळीबारांत नऊ माणसें धारातीर्थीं पडलीं. उघड्या छातीनें चालून जाण्याची जी किंमत पडते ती त्या दोन दिवसांनीं सर्वांना कळली, आणि कार्यकर्त्यांची एक पिढी त्यानंतर भूमिगत झाली.

या पिढीचे अध्वर्यु नाना पाटील. येडे मच्छिंद्र या गांवचा हा शेतकऱ्याचा मुलगा. तलाठ्याची नोकरी सोडून १९३० च्या चळवळींत पडला. त्याच वर्षीं शिराळें तालुक्यांतील बिळाशी येथें जंगल सत्याग्रह गाजला होता, म्हणजे या खेड्यांना सरकारशीं झुंजण्याची संवय बारा वर्षांची जुनी होती. नानांच्या भोंवतीं जी तरुण मंडळी जमली, तींत कुंडलचे जी. डी. लाड, म्हणजे लोकांचे बापू, वाळव्याचे नागनाथ नायकवडी अशीं विशी-बाविशींतलीं माणसें होतीं. १९४३ सालीं या मंडळींनीं विखुरलेल्या गटांना एक व्यवस्था दिली, तेंच प्रतिसरकार. बंगालमध्यें तामलुक येथें आणि संयुक्त प्रांतांत बलिया येथेंही अशीं सरकारें निघालीं. पण बलियाचें थोड्या दिवसांत संपलें, तामलुकचें १९४४ च्या सप्टेंबरांत आटोपलें. साताऱ्याचें १९४६ पर्यंत टिकलें.

तें कां टिकलें, याचीं दोन कारणें नकाशावरच दिसतात. पहिलें कारण हद्दींचें. या भागाचा तेव्हांचा नकाशा ठिगळांच्या गोधडीसारखा होता. इंग्रजी मुलखाच्या मधूनमधून सांगली, मिरज, औंध, जत, फलटण, कोल्हापूर या संस्थानांचे तुकडे पसरलेले होते. कुंडल हें गांव चोहोंकडून इंग्रजी अंमलांत गुरफटलेलें, पण मालकी औंध संस्थानची. आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनीं गांधीजींच्या सल्ल्यानें १९३९ सालींच आपल्या प्रजेच्या हातीं राज्यकारभार सोंपविलेला. इंग्रजी पोलिसाला हद्द ओलांडावयाची तर लिहालिही करावी लागे. फरारी माणसाला नुसता ओढा ओलांडला म्हणजे झालें. दुसरें कारण जमिनीचें. पूर्वेकडे कृष्णाकांठचीं उंच वाढणारीं ज्वारीचीं व उंसाचीं शेतें, आणि पश्चिमेकडे वारणेच्या उगमाकडील दाट रान. एका बाजूला चार दिवस शोध लागला तर दुसऱ्या बाजूला सरकतां येई.

परंतु हद्दी आणि रानें हीं कांहीं माणसाला जेवूं घालीत नाहींत. ठाणें म्हणतांच आपल्या डोळ्यांसमोर तटबंदी, बुरूज, निदान एखादी गुहा उभी राहते. प्रतिसरकारचें ठाणें बहुधा असें नव्हतें. तें म्हणजे एखाद्या शेतकऱ्याचें घर, मळ्यांतली झोंपडी, डोंगराच्या खोबणींतला गोठा. आज येथें, परवां दुसरीकडे. कुंडलच्या परिसरांत तुफान सेनेच्या तरुणांना शिकविण्याचीं शिबिरें भरत. तेथें दोनशें माणसें जमलीं तर दोनशें माणसांच्या भाकऱ्या कोठून तरी आल्या पाहिजेत. त्या एका घरांतून येत नसत, कारण एका चुलीवर फार भाकऱ्या भाजल्या जात आहेत हें शेजाऱ्याच्या ध्यानांत येतें. त्या घरोघरून येत. म्हणजेच त्या गांवांत शेजाऱ्यापासून लपविण्यासारखें कांहीं उरलेलें नसे. रंगो बापूजींच्या कटांत आणि या व्यवस्थेंत जो फरक आहे तो येथें आहे. तेथें गुपित थोड्यांचें होतें. येथें तें साऱ्या गांवाचें होतें, आणि जें साऱ्या गांवाचें आहे तें विकावयास निघालेल्या माणसाला गांवांतच राहावें लागतें.

या ठाण्यांतून निघून केलेलीं कृत्यें पुष्कळांस ठाऊक आहेत. ७ जून १९४३ रोजीं शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडवून लुटण्यांत आली. २४ जुलै १९४३ रोजीं वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पाठलागांत त्यांचे दोन साथीदार मारले गेले आणि स्वतः दादा गोळी लागून पुन्हां पकडले गेले. १४ एप्रिल १९४४ रोजीं थेट खानदेशांत, धुळ्याजवळ चिमठाणें येथें, साताऱ्याकडील व खानदेशांतील कार्यकर्त्यांनीं मिळून सुमारें साडेपांच लाखांचा सरकारी खजिना हस्तगत केला. हत्यारें पोर्तुगीज गोव्याहून आणलीं जात. त्याच गोव्यांत पकडल्या गेलेल्या एका साथीदाराच्या सुटकेसाठीं नाना पाटलांची कन्या हौसाताई गेल्या होत्या, आणि परततांना रात्रीच्या अंधारांत एका पेटीच्या आधारानें त्यांनीं मांडवी नदी ओलांडली.

हौसाताईंचीच आणखी एक हकीकत येथें सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या विषयाच्या थेट मर्माशीं जाते. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यांतील हत्यारें पळवावयाचीं होतीं. ठाण्यासमोर एक नवरा-बायको कडाक्यानें भांडूं लागलीं. नवरा बायकोला मारूं लागला. धोंडा उचलून ‘आतां जीवच घेतों’ म्हणूं लागला. बाईच्या किंकाळ्या ऐकून आंतले पोलीस सोडविण्यास धांवले, आणि तेवढ्यांत मागच्या बाजूनें शिरलेल्या मंडळींनीं बंदुका व काडतुसें नेलीं. ती बायको म्हणजे हौसाताई, आणि तो नवरा नवरा नव्हताच; चळवळींतला एक सोबती होता. मार मात्र खरा होता, कारण तो खोटा दिसला असता तर सारेंच फसलें असतें. एऱ्हवीं लोककला इतिहासाच्या मागून येते. घटना घडून गेल्यावर शाहीर तिचें गाणें करतो. येथें वगाचा तुकडा लढाईच्या आधींच उभा राहिला आणि लढाईचें हत्यार झाला. ज्या मुलखांत गांवोगांवच्या जत्रांतून तमाशे होतात, त्या मुलखाला हें सुचावें यांत नवल नाहीं.

आतां लोकांच्या कल्पनेनें या साऱ्याचें काय केलें तें पाहूं. पहिली गोष्ट नांवाचीच. कार्यकर्त्यांनीं आपल्या व्यवस्थेला ‘प्रतिसरकार’ म्हटलें. लोकांच्या तोंडीं तें ‘पत्री सरकार’ झालें. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. खबऱ्यांना व गुंडांना पकडून हें सरकार त्यांच्या तळपायांना बैलासारख्या पत्र्या ठोकतें, अशी वार्ता उठली. प्रत्यक्षांत शिक्षा दिली जाई ती तळव्यांवर काठीनें मारण्याची. ती कांहीं सौम्य नव्हे, पण ती पत्रीही नव्हे. मात्र ‘पत्री’ या शब्दानें जी धास्ती बसली ती कोणत्याही जाहीरनाम्यानें बसली नसती. इंग्रज सरकारला ही वार्ता हवी होती, कारण तीमुळें चळवळ क्रूर ठरत होती. चळवळीलाही ती नकोशी नव्हती, कारण तीमुळें खबऱ्यांचे पाय आपोआप थबकत होते. दोन्ही पक्षांना सोयीची असलेली वार्ता मरत नाहीं. ती आजही जिवंत आहे, आणि पुष्कळ सुशिक्षित घरांत प्रतिसरकारविषयीं तेवढी एकच गोष्ट माहीत असते.

दुसरी गोष्ट नायकाची. नेव्हाडाच्या ठाण्यासंबंधीं लोक विचारतात: आंत काय आहे? सातारच्या ठाण्यासंबंधीं हा प्रश्न कोणालाच पडला नाहीं, कारण आंत काय आहे हें विचारणाऱ्यालाच ठाऊक होतें. भाकरी त्याच्याच घरची होती. म्हणून येथील गोष्टी जागेच्या झाल्या नाहींत, त्या माणसाच्या झाल्या. नाना पाटील पोलिसांच्या वेढ्यांतून कसे निसटले, कोणत्या वेषांत गेले, सभेंत एकाएकीं उभे राहून बोलले आणि पोलीस येण्यापूर्वीं कसे दिसेनासे झाले, याच गोष्टी मुखोमुखीं चालत आल्या. त्यांतल्या सर्वच अक्षरशः खऱ्या असतील असें नाहीं. परंतु लोकांनीं त्या रचिल्या त्या अज्ञानामुळें नव्हे. जें माहीत होतें तें सांगतां येत नव्हतें म्हणून. खरें घर, खरी वाट, खरें नांव सांगणें म्हणजे कोणाला तरी फांशीं देणें. तेव्हां घराच्या ठिकाणीं चमत्कार घातला कीं गोष्टही सांगून होते आणि घरही वांचतें. नेव्हाडांत दंतकथा न कळल्यामुळें उपजली, सातारच्या खोऱ्यांत ती कळूनही न बोलण्यासाठीं उपजली. शाहीर शंकरराव निकम यांच्यासारख्यांच्या पोवाड्यांनीं गांवोगांव स्फुरण दिलें, तेंही याच मर्यादेंत राहून: पराक्रम सांगावा, पत्ता सांगूं नये.

तिसरी गोष्ट दरोडेखोराची. जीं रानें भूमिगतांना आसरा देत होतीं तींच दरोडेखोरांनाही देत होतीं, आणि प्रतिसरकारच्या नांवावर लूटमार करणारे कांहीं निघाले तेव्हां त्यांचा बंदोबस्त करणें हें या सरकारचें एक मोठें काम होऊन बसलें. परंतु लोककथेनें ही सीमा नीटशी सांभाळली नाहीं. वाळवें तालुक्यांतील वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे यांनीं ‘वारणेच्या खोऱ्यात’ या कादंबरींत बेचाळीसच्या भूमिगतांची कथा सांगितली, ‘वारणेचा वाघ’मध्यें सत्तू भोसले या बंडखोराची सांगितली, आणि १९५९ च्या ‘फकिरा’मध्यें इंग्रजांचा खजिना लुटून आपल्या उपाशी लोकांना जगविणाऱ्या मांग वीराची सांगितली. नायक तीन, काळही भिन्न. पण डोंगर, रान आणि दार लावून घेणारें गांव तेंच आहे. पुढें ‘फकिरा’ व ‘वारणेचा वाघ’ यांचे चित्रपटही निघाले. सरकारी दप्तराच्या भाषेंत ज्याला दरोडेखोर म्हटलें तो आणि ज्याला क्रांतिकारक म्हटलें तो, हे दोघे एकाच गोठ्यांत रात्र काढतात ही या वाङ्मयाची दृष्टि. इतिहासानें ती जशीच्या तशी घेऊं नये, पण ती कोठून आली हें ओळखावें.

येथवर आम्हीं या गुपिताची थोरवी सांगितली. त्याची दुसरी बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गांधीजींना गुप्तता मान्य नव्हती. १९४४ च्या मे महिन्यांत सुटका झाल्यावर त्यांनीं भूमिगतांना उघड्यावर येण्याचा सल्ला दिला. साताऱ्याच्या मंडळींनीं तो मानला नाहीं. गांधीजींचा आक्षेप केवळ अहिंसेपुरता नव्हता. गुपित पाळणाऱ्याच्या मनांत भीति घर करते, आणि भीतीवर उभें राहिलेलें राज्य स्वराज्य असूं शकत नाहीं, असा त्याचा रोख होता. हा आक्षेप पोकळ नाहीं. ज्या न्यायमंडळानें एखाद्याला खबऱ्या ठरविलें त्याच्यावर अपील कोठें करावयाचें? चुकून शिक्षा झालेल्याचें नांव कोणत्या दप्तरांत सांपडेल? कागद न ठेवणें ही ठाण्याची शक्ति होती. परंतु ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याच्या दृष्टीनें तेंच मोठें दुर्दैव.

याला साताऱ्याचें उत्तर असें होतें, कीं वडूजला आणि इस्लामपुरास आम्हीं उघड्यावर येऊन पाहिलें. शिवाय या सरकारनें जेवढें लपविलें त्याहून अधिक उघड केलें. ठाणीं गुप्त होतीं, पण न्यायमंडळें गांवकऱ्यांच्या समक्ष बसत; तंटे मिटत, दारूचे गुत्ते बंद होत, कर्ज काढून होणाऱ्या लग्नांच्या जागीं साधे ‘गांधी विवाह’ लागत. माणसें लपलेलीं, पण कारभार चव्हाट्यावर, अशी ही विलक्षण रचना होती. आम्हांस विचाराल तर या दोन उत्तरांपैकीं एकाच्याच पारड्यांत सारें वजन टाकतां येत नाहीं. गुप्तता भीतीवर जगते हें खरें. पण तीन वर्षें हजारों घरांनीं केवळ भीतीपोटीं तोंडें बंद ठेवलीं असें मानणें, हा त्या घरांवर अन्याय होईल. भीतीनें मिटलेलें तोंड इनामाच्या थैलीपुढें उघडतें. नाना पाटलांवर इनाम लागलें होतें, आणि तरीही ते अखेरपर्यंत सांपडले नाहींत.

ठाणें फुटलें म्हणजे काय होई, याचें उदाहरण वारणाखोऱ्यानें पाहिलें आहे. सप्टेंबर १९४४ मध्यें साताऱ्याच्या तुरुंगांतून निसटल्यावर नागनाथ नायकवडींनीं आपल्या गटाला अधिक पक्कें लष्करी शिक्षण देण्याचें मनावर घेतलें. त्यासाठीं परप्रांतांतून आलेल्या मंडळींत नानकसिंग हा शीख वीर होता. २५ फेब्रुवारी १९४५ रोजीं शिराळें तालुक्यांत सोनवडें-मणदूरच्या रानांत पोलिसांशीं गांठ पडली. तींत नानकसिंग आणि वाळव्याचे किसन अहिर हे दोघे पडले, नायकवडी वांचले. एक तरुण कृष्णाकांठचा, दुसरा दूर उत्तरेकडचा. वाळव्यानें दोघांचें स्मरण एकत्र ठेवलें आहे. त्या दिवशींच्या त्या रानाविषयीं मात्र बाहेरच्या महाराष्ट्राला किती माहिती आहे?

१९४६ सालीं मुंबई प्रांतांत काँग्रेसचें मंत्रिमंडळ आलें, वॉरंटें मागें घेतलीं गेलीं, आणि नाना पाटील उघडपणें लोकांसमोर आले. १९४९ मध्यें जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. १९५७ सालीं सातारकरांनीं नानांना लोकसभेंत पाठविलें. ठाण्यांचें काम संपलें होतें. गोठे पुन्हां गोठे झाले, उंसाचे फड पुन्हां नुसते फड झाले. ज्या ठाण्याला भिंत नव्हती त्याचा अवशेष तरी काय उरणार?

येथें इंग्लंडांतील ब्लेचली पार्कची आठवण होते. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचें काम तेथें चाले. ऐन भरांत सुमारें दहा हजार माणसें तेथें कामास होतीं आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. १९७४ पर्यंत त्या कामाचा बभ्रा झाला नाहीं. कित्येकींनीं आपल्या नवऱ्यालाही कांहीं सांगितलें नव्हतें. पण तेथें दप्तर होतें, कोणाची नेमणूक कोठें झाली याची नोंद होती. पुढें ती वास्तु राखली गेली, संग्रहालय झालें, आणि म्हाताऱ्या झालेल्या त्या स्त्रियांना निदान ‘तुम्ही तेथें होतां’ असें म्हणणारे कोणी भेटले. सातारच्या स्त्रियांपैकीं हौसाताईंचें नांव राहिलें, कारण त्या नानांच्या कन्या आणि स्वतः विलक्षण कर्तबगार. त्यांची व कुंडलच्या मंडळींची हकीकत पी. साईनाथ यांनीं त्यांच्या उतारवयांत त्यांच्याच तोंडून ऐकून लिहिली, आणि २०२२ सालीं त्यांचें ‘द लास्ट हीरोज’ हें पुस्तक निघालें. त्याच्या आदल्याच वर्षीं हौसाताई निवर्तल्या होत्या. पण जिनें रात्रीं दोन वाजतां उठून पीठ मळलें, दारांत आलेल्या फौजदाराला ‘कोण नाना? आम्ही कोणी पाहिला नाहीं’ म्हणून सांगितलें, आणि सकाळीं नेहमींप्रमाणें शेतावर गेली, अशा बाईचें नांव कोणत्या दप्तरांत असणार? पोलिसांच्या कागदांत तें नाहीं, कारण ती सांपडली नाहीं. पोवाड्यांत नाहीं, कारण पत्ता सांगावयाचा नव्हता. पुढें निवृत्तिवेतनासाठीं तुरुंगवासाचा दाखला मागितला गेला, तेव्हां तो तिच्याजवळ असण्याचें कारण नव्हतें; ती तुरुंगांत गेली नाहीं हेंच तर तिचें कर्तृत्व होतें.

लोकप्रिय वाङ्मयावर आमचा रोष नाहीं. गाण्यांनीं आणि कादंबऱ्यांनीं त्या काळाचा उष्मा जिवंत ठेवला. नुसत्या कागदांच्या भरंवशावर राहिलों असतों तर आज आपल्या हातीं पोलिसांचे अहवाल तेवढे उरले असते, आणि त्यांत हे सारे लोक गुन्हेगार म्हणूनच भेटले असते. परंतु कथेला नायक लागतो आणि नायकाला चमत्कार लागतो. ज्याला ना नायकाची जागा मिळाली ना चमत्काराची, त्याची नोंद घेणें हें इतिहासाचें काम. तें काम करणारीं माणसें पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांतून येतीलच असा भरंवसा धरूं नये. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांतून आलेलीं कुटुंबें आज साऱ्या महाराष्ट्रांत पसरलीं आहेत. आमच्या वाचकांतही तीं असतील. ज्यांच्या आजीनें वा पणजीनें त्या तीन वर्षांत कोणाला भाकरी दिली, कोणाला माळ्यावर लपविलें, असें घरांत बोललें जातें, त्यांनीं तें लिहून ठेवावें: गांवाचें नांव, घर गांवांत कोठें होतें, कोण आलें, किती दिवस राहिलें, आणि सांगणारें माणूस कोण. भर घालूं नये. आठवत नसेल तेथें ‘आठवत नाहीं’ असें लिहावें. ज्या काळीं हीं नांवें बोलणें धोक्याचें होतें त्या काळीं तीं राखलीं गेलीं. आतां तीं बोलल्यानें कोणाच्याही घरावर पोलीस येणार नाहींत.